मंगळवारची भागूआत्या

भागूआत्याला कुणी साधं "काय खाणार?" असं विचारलं तरी ती घाबरायची. विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घ्यायची आणि मग म्हणायची, "करा तुमच्या मनानं. मला काय कळतंय त्यातलं." चहा हवा की नको, पंखा लावू की नको, लुगडं हिरवं घ्यायचं की जांभळं, सगळ्याला हेच उत्तर. मंगळवार तेवढा वेगळा. मंगळवारी तिच्या अंगात माहूरची रेणुका यायची आणि लोह्यातली निम्मी वस्ती तिच्यापुढं हात जोडून बसायची. कुणाची सोयरीक जुळवायची, कुणाचं शेत कुणी कसायचं, कुणाच्या पोरानं नांदेडला शिकायला जायचं, हे तिच्या ओसरीवर ठरायचं. माझं लग्नही तिथंच ठरायचं होतं.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती लोह्याला थोरल्या दिराच्या घरातच राहिली. या दिरांना सगळे तात्या म्हणत. तात्या उंच, पांढऱ्याशुभ्र धोतराचे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांना तो चढवावा लागत नसे. घरात त्यांनी पाटावर बसून नुसतं ताटाकडं पाहिलं तरी मीठ कमी पडल्याचं सगळ्यांना समजायचं. पप्पा लातूरच्या कचेरीत मोठ्या टेबलावर बसत, पण तात्यांसमोर खुर्चीच्या कडेवर बसत.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत, दारांवरच्या पाट्यांचा रंग ओला असायचा आणि औरंगाबादहून बदलून आलेला प्रत्येक माणूस परत कधी जाता येईल याचा हिशेब करत असायचा. आम्हीही तसेच आलेले. माझी शाळा औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमधली. मला मराठी नीट यायची, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ आधी इंग्रजीकडं धावायची आणि मग मी गप्पच बसायचे. लोक त्याला शिष्टपणा म्हणत. मी ते खोडून काढायलाही तोंड उघडत नसे.

आत्या उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडं यायची. एस.टी.तून उतरली की हातात एक गाठोडं, डोक्यावरून पदर, आणि दारातच, "कशी हाईस माय? वाळली गं पोरगी." मग ती थेट स्वयंपाकघरात जायची आणि भिंतीला टेकून बसायची. खुर्चीवर कधी नाही. आई काम सांगेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून वाट बघायची. काम मिळालं की तिचा चेहरा सुटायचा. ज्वारी निवडताना ती स्वतःशीच पुटपुटायची, खड्यांना शिव्या द्यायची. "मेल्या, दाण्यावानी दिसतोस आन् दात पाडतोस."

माझी जीभ तिच्याशी मात्र सुटायची. एकदा सुपात हात घालून बसल्या बसल्या मी तिला सांगून टाकलं की मला बी.ए. झाल्यावर औरंगाबादला पुढं शिकायला जायचंय, आणि घरात हे अजून कुणाला ठाऊक नाही.

"मला काय कळतंय त्यातलं, माय," ती म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकत तिनं विचारलं, "तिथं राहायचं कुठं?"

"हॉस्टेलमध्ये. सगळ्या मुलीच असतात."

"आन् कुणी इचारत न्हाई? कुठं चाललीस, कवा येणार?"

"विचारतात. पण वहीत सही केली की झालं."

तिला हे फार नवल वाटलं. "आपलीच सही?" तिनं पुन्हा विचारलं, आणि खडा बाजूला काढायचा सोडून नुसती हसत राहिली.

अशा बाईची मला लाज वाटायची, हे लिहिताना बरं वाटत नाही. पण वाटायची. कारण मंगळवार लातूरलाही यायचा.

त्या चैत्रात आईनं हळदीकुंकू ठेवलं होतं. पप्पांच्या साहेबांच्या बाई यायच्या होत्या. आई सकाळपासून आत्याला सांगत होती, "वन्सं, आज तुम्ही आतच बसा हं." विधवा बाईनं हळदीकुंकवात मध्ये यायचं नाही, हे आत्याला सांगायची गरज नव्हती; ती न सांगता आतच बसली असती. आईला भीती वेगळी होती. दिवस मंगळवारचा होता.

बाहेर आरती सुरू झाली आणि आतून घुमण्याचा आवाज आला. मी भिंतीला चिकटले. आत्या केस सोडून दारात आली, डोळे अर्धे मिटलेले, मान गोल फिरत होती. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण तिथं होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी अशी नजर वळवली जणू ही बाई शेजाऱ्यांकडची असावी.

साहेबांच्या बाई तेव्हा उठल्या. रेशमी साडी, मनगटात घड्याळ, आमच्याशी बोलताना निम्मं इंग्रजी. मला वाटलं, आता निघून जातील. त्यांनी पर्स खाली ठेवली, आत्याच्या पायावर डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "आई, आमची बदली होईल का गं?"

आत्याची मान फिरली. "होईल म्हणतात," माझी आई घाईनं म्हणाली.

बायकांनी आत्याच्या कपाळभर मळवट भरला. एरवी ज्या कपाळाला कुणी बोट लावत नसे ते लालभडक झालं. साहेबांची बदली खरंच झाली. थेट जंगलातल्या किनवटला. त्या बाई नंतर आमच्या घराकडं फिरकल्या नाहीत, आणि पप्पा बरेच दिवस घरात देवीचं नाव काढू देईनात.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. आदल्या वर्षीही जेमतेम होता. लातुरात हौदांना कुलपं लागली, लोह्यात विहिरींचे तळ दिसायला लागले. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी लोह्याला गेले होते. तात्यांनी वस्तीच्या लोकांना बोलावून सांगितलं, "आईला इचारू. ती पाणी दावल."

मंगळवारी भर दुपारी आत्या निघाली. अनवाणी, मोकळे केस, हातात परडी, कपाळावर मळवट. मागं संबळ वाजत होता, त्याच्या मागं सगळी वस्ती. मला पाण्याचा तांब्या धरून तिच्या बाजूनं चालायला सांगितलं होतं. ढेकळं अशी तापली होती की माझ्या चपलांतूनही चटका बसत होता. मी बोलत नाही, त्यामुळं मला बघायला वेळ असतो. मी पाहिलं की तात्या हातात नारळ घेऊन आत्याच्या अर्धं पाऊल पुढं चालत होते. आत्याचे अर्धे मिटलेले डोळे त्यांच्या धोतराच्या काठावर होते. ते वळले की ती वळत होती. त्यांच्या स्वतःच्या शेताच्या बांधापाशी ते थांबले. आत्या थांबली. तात्यांनी तिथं नारळ फोडला.

वस्तीनं ती विहीर हातांनी खणली. पुरुष खणत होते, बाया टोपल्या वाहत होत्या. शेजारच्या घरात नुकतीच आलेली सुमन नावाची सून होती, माझ्याच वयाची. टोपली डोक्यावर घेऊन जाताना ती मला बघून हसायची आणि म्हणायची, "या की ताई, एक टोपली उचला. इंग्रजीत उचला." मला तिचं हसू आवडायचं.

खाली काळा पाषाण लागला. पहार टेकवली की नुसती ठिणगी उडायची. पुढच्या मंगळवारी तात्या आत्यासमोर मांडी घालून बसले.

"आई, चुकी आमची हाय. पर कुणाची? बाप्याची का बाईची?"

आत्याची मान फिरत होती.

"बाईची म्हणतीस. विटाळ कालवला कुणी? जुनी का नवी?"

मान फिरत होती.

"नवी म्हणतीस. नवी सून?"

मान फिरत होती. आत्या एक शब्दही बोलली नव्हती. तिची मान आरती सुरू झाल्यापासून तशीच फिरत होती, आणि प्रत्येक फेऱ्यावर तात्या त्यांना हवा तो होकार उचलून घेत होते. सगळ्या माना मात्र सुमनकडं वळल्या. ती टोपली हातात धरून उभी होती. "न्हाई ओ, मी न्हाई," ती म्हणाली. तिच्या सासूनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुमनला माहेरी धाडलं. कंधारच्या बाजूला कुठंतरी तिचं माहेर होतं. ती गाडीत बसली तेव्हा आत्या ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाई." तिच्या तोंडून स्वतःबद्दलचं असं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

नवरात्रात तात्यांचा निरोप लातूरला आला. त्यांच्या मेहुण्याच्या मुलाचं नांदेडला खत-बियाणांचं दुकान होतं. मुलगा चांगला, घर ओळखीतलं. अष्टमीला सगळ्यांनी लोह्याला यायचं, रेणुकाआईच्या तोंडून होकार घ्यायचा आणि तिथंच सुपारी फोडायची.

आई म्हणाली, "एकदा तिला तर विचारा."

पप्पा म्हणाले, "तात्यांनी ठरवलंय. आता आपण मध्ये बोललो तर बरं दिसेल का?" मग माझ्याकडं न बघता, "शिवाय देवीची इच्छा असेल तर..."

माझ्या मनातलं एका माणसाला माहीत होतं, आणि त्याच माणसाच्या तोंडून होकार यायचा होता.

अष्टमीच्या सकाळी ओसरी भरली होती. मुलगा कोपऱ्यात नवा शर्ट घालून बसला होता; तोही जमिनीकडंच बघत होता, हे मला आठवतं. आत्याला बायकांनी मळवट भरून घटासमोर बसवलं. संबळ सुरू झाला. तात्या तिच्यासमोर बसले, हात जोडले.

"आई, घरच्या पोरीचं शुभकार्य हाय. तुझा हुकूम पाहिजे. देऊ का पोरगी?"

आत्याची मान हलली नाही.

संबळ जोरात वाजायला लागला. वाजवणारा घामाघूम झाला. तात्यांनी लिंबू कापून उतरवून टाकलं. "आई, कोपू नको. हाव म्हणतीस?"

मान तशीच. मी समोर होते, म्हणून मला दिसलं की तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरून ठेवले होते. बोटं पांढरी पडली होती. मग तिनं डोळे पूर्ण उघडले.

"भावजी," ती म्हणाली, "पोरीला इचारा."

संबळ थांबला. तात्यांना क्षणभर कळलंच नाही. ते पुन्हा हात जोडून म्हणाले, "आई, तुझ्या पुढं पोरीचं काय? तूच सांग."

"आई न्हाई. मी हाय. भागू." ज्वारी निवडतानाचाच तो आवाज होता. "आई आली न्हाई आज. त्या दिशी बी आली नव्हती. सुमनच्या टायमाला. माझी मान मीच हलवली. तुमी बोलत गेलात, मी हलवत गेले. थांबवायला पाहिजे होती, मला ती थांबवता आली न्हाई."

सुमनची सासू मागं बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, काय बोलायलीस हे? देवीसमोर?"

"देवीसमोरच बोलायले," आत्या म्हणाली. "पोरीला इचारा, भावजी."

तात्या माझ्याकडं वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. "बोल पोरी. पसंत हाय का न्हाई?"

सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. जिनं मला ही जागा करून दिली होती ती मळवट भरल्या तोंडानं माझ्याकडं बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "नो, थँक यू."

शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं तसं. कुणी दुसऱ्यांदा केक पुढं केला की म्हणायचं तसं. संबळवाला फिस्सकन हसला. त्या घरातलं सगळ्यात मोठं धाडस एका बाईनं माझ्यासाठी केलं, आणि मी तिला न कळणाऱ्या भाषेत उत्तर दिलं.

"काय म्हणली?" तात्यांनी पप्पांना विचारलं.

पप्पा उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "नको म्हणाली, तात्या," ते म्हणाले.

आत्यानं पदराच्या टोकानं कपाळ पुसायला सुरुवात केली. कुंकू निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं, तरी ती पुसत राहिली.

दिवाळीनंतर ती आमच्याकडं आली. लोह्यात तिचं काय चाललं होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत होतं. देवीनं हिला सोडलं म्हणत. हिनं देवीचा अपमान केला म्हणून ढग फिरले म्हणत. पूर्वी जे पायावर डोकं ठेवत ते आता समोरून आली की बाजूनं जात. तात्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही, पण तिच्याशी बोलणं बंद केलं, आणि त्या घरात त्यांनी बंद केलेलं बोलणं दुसरं कुणी सुरू करत नसे. कंधारकडं ती एकटी जाऊन आली होती. सुमनच्या आईनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती बाहेरच बसून "चुकी माझी हाय" एवढं सांगून परतली.

"आत्या," मी तिला एकदा विचारलं, "देवी खरंच यायची का? की तूच..."

ती रागावेल असं वाटलं. पण ती सांगायला लागली. "पयल्यांदा ती आपणहून यायची बघ. हे गेले त्या वर्सी. आंग भरून यायचं, लई हलकं वाटायचं. मंग लोक बोलवायला लागले. दर मंगळवारी बोलवायचे. रोजच्या बोलावण्याला देवी कशाला येईल? मंग मलाच जावं लागायचं."

"मग बंद का नाही केलंस?"

"बंद केल्यावर मला कोण इचारणार होतं, माय?" ती म्हणाली. "मंगळवारी तरी माझ्याकडं बघायचे. मला वाटायचं लोक माझं ऐकायलेत." तिनं कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "जरा साखर टाक. तुझी आई लई कमी टाकती."

आई तिला म्हणाली, "वन्सं, इथंच राहा आता. तिकडं लोक किती बोलतात."

"बोलू द्या. मी बी बोलते आता." आणि चार दिवसांनी ती गाठोडं घेऊन लोह्याला परत गेली. माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, आता शेजारी विचारणार नाहीत. हा विचार मी कुणाला सांगितला नाही.

सुमन नंतर परत आली असं कळलं. तिच्या नवऱ्यानं आणली की आत्याच्या फेऱ्यांनी, ते कुणी नीट सांगितलं नाही.

बी.ए. झाल्यावर मी औरंगाबादला गेले. हॉस्टेलच्या वहीत पहिली सही केली. पुढच्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या लग्नासाठी नांदेडला गेले होते, तिथून लातूरला येताना माझी एस.टी. लोह्यातून जात होती. पाऊस अजून नव्हताच. गावाच्या तोंडाशी टँकर रस्त्यात आडवा उभा होता, म्हणून गाडी थांबली. टँकरपासून घागरींची रांग थेट रस्त्यापर्यंत आली होती. माझ्या पुढच्या बाकावरचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "ती बघा. तिच्यात देवी यायची म्हणे. सोडून गेली. तवापासून ह्या गावाची ही दशा."

मी पाहिलं. आत्या रांगेत शेवटच्या टोकाला होती, घागर कमरेवर. उन्हानं रापलेली, आधीपेक्षा बारीक. पूर्वी टँकर आला की लोक तिची घागर उचलून स्वतः पहिल्या नंबरला ठेवत.

तिनंही मला पाहिलं. "ए रस्मे!" ती एवढ्या जोरात ओरडली की गाडीतल्या सगळ्यांनी बाहेर पाहिलं. "रस्मे, कुठं चाललीस गं? शिकायलीस का?"

पुढचा माणूस मागं वळून बघायला लागला, ही कुणाला हाक मारते म्हणून. मी हात वर केला. हात खिडकीच्या गजापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. "हो," मी म्हणाले, पण तो आवाज माझा मलाच ऐकू आला.

टँकर बाजूला झाला, गाडी हलली.

"वळखीची हाय का?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"आत्या आहे माझी," मी म्हणाले. या वेळी पुढच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्यानं मान वळवून घेतली. पण आत्याला ते ऐकू जायची वेळ निघून गेली होती.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. माझ्याशी बोलायला ती रांग सोडून दोन पावलं पुढं आली होती, तेवढ्यात मागून आलेल्या एका बाईनं तिच्या जागेवर आपली घागर टेकवली होती. आत्या परत वळली. तिनं ती घागर उचलून बाजूला ठेवली, आपली तिथं आपटली, आणि कमरेवर हात देऊन त्या बाईशी भांडायला लागली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. ती काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं; हात मात्र मोठे मोठे हलत होते, आणि रांगेतल्या सगळ्या बाया वळून तिच्याकडं बघत होत्या.